ठकीचा पेला

मोळीवालीला नाव असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. लग्न होऊन भिवंडीच्या या घरात आले तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, ती आमच्या दारात येत होती. आठवड्यातून दोनदा, डोक्यावर मोळी, कमरेला कोयता, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. सासू आतूनच ओरडायची, "सफिया, मोळीवाली आली गो, ओली लाकडं नको घेऊस." मी लाकडं चाचपून बघायची, ती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसायची, आणि एवढ्यावर आमची ओळख संपायची. त्या दिवशी तिच्या सोबतीची बाई गल्लीच्या तोंडाशी थांबून हाका मारत होती. "ठके, ए ठके, चल गो, ऊन झाला." माझ्या हातातलं लाकूड सुटून पायावर पडलं. लागलं, पण ते नंतर कळलं. समोरच्या कापडाच्या कारखान्यातले लूम चालू होते. त्या खडखडाटात स्वतःच्या नावाची हाक ऐकू येत नाही, आणि मला नेमकी ही ऐकू आली. "तुझं नाव ठकी?" मी विचारलं. "व्हय." "माहेर कुठलं?" "खारबाव. कां गो बाय?" मी म्हटलं, सहज विचारलं, आणि नवरा काय करतो तेही सहजच विचारलं. "कंचा नवरा? पयला लढाईत गेला तो आलाच न्हाय. दुसरा मेला, तीन वर्सां झाली." मी मोळी आत ओढली, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. आतल्या खोलीत माझा नवरा हाशिम आपल्या आईला सांगत होता की उद्या तो पुन्हा खारबावच्या पाड्यांवर जाणार आहे, ठकीला शोधायला.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि नवरा माझ्या वाट्याला जेमतेम सहा महिने आला होता, तेही तुकड्या-तुकड्यांनी. हाशिम लिबियात तोब्रुकजवळ एका रस्त्याच्या कंपनीत फिटर होता. लूमचे नट-बोल्ट आवळत मोठा झालेला माणूस, तिथं तो रोडरोलर आणि डंपर आवळायचा. सत्त्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात तो सुट्टीवर आला तेव्हा मी मनाशी ठरवूनच बसले होते की या वेळी त्याला जाऊ द्यायचं नाही. मोठे दीर लतीफभाई यांच्या कारखान्यात दोन लूम बसतील एवढी जागा रिकामी होती. तेही बोलले होते, "हाशिम राहिला तर मला हातच मिळेल." मी सगळं जुळवलं होतं, फक्त हाशिमला सांगायचं बाकी होतं. मोहल्ल्यातल्या बायकांचे नवरे कुवेतहून, सौदीहून यायचे ते अत्तरं, नायलॉनच्या साड्या, टू-इन-वन घेऊन यायचे. हाशिमने पेटी उघडली. आईला स्वेटर, लतीफभाईंना शर्टाचं कापड, मला एक अत्तराची बाटली. त्याच्या खाली अरबी वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या पुड्या होत्या, चाळीसेक असतील. मला वाटलं, खरं काय ते आता निघणार. त्याने पहिली पुडी उलगडली, त्यातून एक गंजलेला चमचा निघाला. त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तोब्रुकच्या आसपास पंचेचाळीस वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती, आणि तिथल्या वाळूत ती अजून पडलेली आहे, असं त्याचं म्हणणं. जुम्म्याची सुट्टी असली की नमाज झाल्यावर बाकीचे लोक पत्ते कुटायचे आणि हा एकटा रानोमाळ जायचा. जमिनीत अजून सुरुंग होते. म्हणून तो शेळ्यांच्या वाटेनेच चालायचा. जिथं लेंडी दिसेल तिथं पाय ठेवायचा, नसेल तिथं नाही. तोफा, बंदुका केव्हाच भंगारवाल्यांनी नेल्या होत्या. उरलं होतं ते कुणाला नको असलेलं. अर्धा टूथब्रश. बुटाची टाच, तिचे खिळे अजून ओळीत. आत काळी पपडी धरलेली शाईची दौत. दाढीच्या ब्रशची मूठ, केस गेलेले. सार्डिनच्या डब्याची किल्ली, तिच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे कुणीतरी डबा निम्मा उघडून ठेवला होता. शर्टाची बटणं, त्यातल्या एका बटणाच्या भोकात दोरा. "हे बघ सफिया, हे कुणीतरी स्वतः शिवलंय, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने." तो मला एकेक वस्तू दाखवायचा. अंगणात चटई टाकून लिंबाची फोड आणि जुना ब्रश घेऊन एकेक चमचा तासभर घासायचा. सासू म्हणायची, "बायकोचं काम बायकोला करू दे." पण ते काम तो मला देत नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. त्या बटणाकडे तो जसा बघायचा तसं माझ्याकडे त्याने एकदा जरी बघितलं असतं तरी मी वर्षभर काही मागितलं नसतं. हे मी आज शांतपणे सांगते, तेव्हा माझ्या पोटात नुसती आग व्हायची.

आणि सगळ्यांत शेवटची पुडी होती पेल्याची. पितळेचा, एका बाजूने चेपलेला, हिरवा पडलेला. हाशिमने तो उन्हात धरला आणि म्हणाला, वाच. भांड्यावर ठोकून घालतात तशी ठिपक्यांची अक्षरं, आपल्या बाजारातला कुठलाही भांडीवाला घालून देतो तशी. ठकी, खारबाव. एका खंदकात, पडलेल्या भिंतीच्या आडोशाला त्याला तो सापडला होता. "मी तिथंच बसून राहिलो," तो म्हणाला. "एवढ्या लांब, आणि खारबाव. आपल्या घरापासून सायकलने जाता येतं." त्याने त्या पेल्याची पूर्ण गोष्ट रचली होती. कुणी गरीब माणूस इथल्या पाड्यावरून फौजेत गेला, हमाल म्हणून असेल, खंदक खणायला असेल. जाताना त्याने बायकोच्या नावाचा पेला घेतला. त्या रणात बाकीचे सरकारी मगातून प्यायचे आणि हा तिच्या नावाला ओठ लावायचा. "त्याचं स्वतःचं नाव त्यावर कुठंच नाही, बघ. फक्त तिचं." हे सांगताना हाशिमचा आवाज बसला. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज कधी बसला नव्हता. मी विचारलं, "आणि तुमच्या कुठल्या वस्तूवर माझं नाव आहे?" त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तो हसला. दुपारी तो झोपला तेव्हा मी त्याची पेटी पुन्हा उचकली, रिकामी होईपर्यंत. पासपोर्टात एका पानावर माझं नाव होतं, तेही कारकुनाने विचारलं म्हणून घातलेलं.

त्या दिवसापासून घरात सवत आली. मी तिला बघितलेलं नव्हतं, म्हणून ती मला हवी तशी दिसायची. कधी सोळा वर्षांची, काळीसावळी, लांब मानेची. नवरा निघाला तेव्हा दारात उभी राहिलेली. कधी म्हातारी, पण सुंदर म्हातारी. हाशिम रोज सकाळी सायकल काढायचा. खारबावला पाटलाला भेटला, पाड्यांवर फिरला, शाळेतल्या मास्तरांना भेटला. लोक सांगायचे, तो पाडा केव्हाच उठला, कोण वीटभट्टीवर गेलं, कोण कुठं. तो संध्याकाळी धुळीने भरून यायचा आणि जेवताना तेच. ठकीचा भाऊ होता म्हणतात. ठकीचं घर नदीच्या अंगाला होतं म्हणतात. डिसेंबर निम्मा झाला, परतीची तारीख आली, आणि त्याने कंपनीला तार केली की घरी अडचण आहे, रजा वाढवा. कंपनीने कळवलं, व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत आहे, त्यानंतर आलात तर नोकरी नाही. "तोवर सापडेल ती," हाशिम म्हणाला. "तिच्या हातात पेला दिल्याशिवाय माझा पाय निघणार नाही." मी ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन उभी राहिले. मला हसावं की रडावं कळेना. मी ज्यासाठी चार महिने शब्द जुळवत होते ते त्या बाईने न बोलता केलं होतं. माझ्यासाठी तो एक दिवस थांबला नसता, तिच्यासाठी थांबला. पण थांबला तर होता. जानेवारी संपला की तो माझा, लतीफभाईंच्या कारखान्यात, माझ्या नजरेसमोर.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी ती हाक आली. मी कुणालाच काही सांगितलं नाही. यात मला पाप वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, वाटलं, पण ते लाकडाच्या मारासारखं उशिरा वाटलं. ठकी नेहमीसारखी येत राहिली. मी आता तिच्याकडे बघायला लागले. ती साठीच्या पुढची होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पायाच्या भेगांत माती बसलेली, कानाच्या पाळ्या कधीतरी जड काही घालून ओघळलेल्या, आता त्यात काडी. या बाईचा मला हेवा वाटत होता. तिच्या हातावरचं गोंदण बघून मला वाटायचं, पेला नेणाऱ्या त्या नवऱ्याने हे धरलं असेल. ती पदराने घाम पुसायची तर मला वाटायचं, हिला काय कमी आहे. एकदा ती उंबऱ्याशी मोळी सोडत बसली होती आणि हाशिम आतून घाईघाईने सायकल काढत होता, तिच्याच शोधात निघाला होता. "बाजूला सरक गं बाई," तो म्हणाला. ती सरकली. चाक तिच्या लुगड्याला घासून गेलं. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, मी तो गिळला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, आणि तेव्हा मला गिळावंही लागलं नाही.

असे पाच आठवडे गेले. मी जिंकत आले होते. तीनचार दिवस राहिले होते. मग एका सकाळी हाशिम कल्हईवाल्याकडून आला आणि पेला माझ्यापुढे ठेवला. चेप ठोकून काढली होती, बाहेरून घासून पिवळाधमक, आतून पांढरीशुभ्र कल्हई. ठिपके आता लांबूनही वाचता येत होते. "यात चहा दे," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुसऱ्याची वस्तू आहे." "म्हणूनच," तो म्हणाला. "ती सापडली नाही तर कुणीतरी यातून प्यायला पाहिजे." मी चहा गाळला. पेला तापला तशी ठकीची अक्षरं माझ्या बोटांना भाजायला लागली. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, फुंकर घातली, आणि ज्या बाजूला नाव होतं तीच बाजू ओठांना लावली. मुद्दाम लावली की तशी आली, मला आजही सांगता येणार नाही. पण मला ते सहन झालं नाही. जानेवारी संपला काय आणि न संपला काय, हा माणूस माझ्या घरात राहील आणि रोज सकाळी माझ्यासमोर दुसरीच्या नावाला तोंड लावील, एवढंच मला दिसत होतं. तो नमाजला गेला तेव्हा मी पेला विसळला, फडक्यात बांधला, बुरखा घातला आणि सासूला सांगितलं की माहेरी जाऊन येते. खोटं बोलायचीही आता सवय झाली होती.

ठकी कोन गावाच्या बाजूला राहते एवढं तिच्या सोबतीणीकडून मी कधीच काढून ठेवलं होतं. कल्याणच्या रस्त्याने रिक्षा कोनपर्यंत आली, पुढे पायवाट. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं, दाराशी लाकडांचा ढीग. ती एक फांदी पायाखाली धरून कोयत्याने तासत होती. मी बुरखा वर केला तेव्हा तिने ओळखलं. "मोळी सपली काय?" मी फडकं सोडून पेला तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, लढाईत गेलेल्यांच्या वस्तूंत हा सापडला. तिने कोयता खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि पेला घेतला. बघितला नाही. अंगठा काठावरून फिरवला, मग पोटावरून, ठिपक्यांवर आला तसा थांबला. तिला वाचता येत नव्हतं. ती ते ठिपके एकेक करून चाचपत होती. "यो माझा हाय," ती म्हणाली. मग तिचं तोंड असं काही बदललं की मी एक पाऊल मागे सरले. मी रडणाऱ्या बाईची तयारी करून आले होते, ती संतापली होती.

"माझे आयशीनी भिवंडीचे बाजारातशी घेतला व्हता. गवताचे भारे इकून. नाव घालून घेतला, सासरी कोन बोलाय नको, हा माझा म्हून. त्यो फाटचा उठला न घेऊन गेला. मना इचारला पन न्हाय." त्यो म्हणजे वाघ्या, तिचा पहिला नवरा. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची पहाट ती कालची असल्यासारखी बोलत होती. पेला कुठं गेला ते तेव्हा तिला कळलंच नव्हतं. तिने चार दिवस घर धुंडाळलं, मग सासूवर आळ घेतला. सासूने मारलं, घराबाहेर काढलं. माहेरी तरी कोण किती दिवस ठेवणार, म्हणून तिने पाट लावला तो इथं. "येक पेला, न माझा घर मोडला," ती म्हणाली. मी ऐकत होते आणि माझे कान तापत होते. भांड्यावर नाव का घालतात हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझ्या लग्नात माझी आई भांडीवाल्याच्या दुकानात ठाण मांडून बसली होती. हंड्यावर, टोपावर, चमचाळ्यावरसुद्धा सफिया, सफिया. "नवऱ्याचं नाव नको घालू," तिने त्याला बजावलं होतं, "उद्या जावांच्या वाटणीत पोरीला काय राहायचं?" ती भांडी मी रोज घासत होते. हाशिम पुरुष, त्याला त्या नावात प्रेम दिसलं तर दिसो. मला ते दिसलं कसं? मी अडीच महिने अशा गोष्टीवर जळत राहिले जी झालीच नव्हती.

"कुठं गावला?" ठकीने विचारलं. मी हाशिमकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. दर्यापार देश आहे, झाड नाही, डोंगर नाही, नुसती वाळू नि दगड, तिथं खड्डे खणून माणसं राहिली होती, तिथं भिंतीच्या आडोशाला मिळाला. ती मान हलवत होती. राग अजून उतरला नव्हता, ओठ तसेच घट्ट होते. मग तिने पेला मांडीवर उताणा केला आणि आत बघत म्हणाली, "तठं पानी व्हतं?"

मी म्हटलं, "होतं."

"लय?"

"लय," मी म्हटलं. मला काय माहीत होतं? अडीच महिने मी त्या देशाबद्दल ऐकत होते, त्याआधी पाच वर्षं तिथली पत्रं वाचत होते, आणि हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. या बाईचं घर वाघ्याने मोडलं होतं, आणि तिला तो तहानलेला होता का, एवढं एकच विचारायचं होतं. ती उठली, आत गेली, मडक्यातून पेला भरून आणला. "आमचे घरचा पिशील?" मी दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यायले.

घरी आले तेव्हा हाशिम अंगणात पुड्या सोडून बसला होता, पेला शोधत होता. मी बुरखाही काढला नाही. "ठकी मिळाली," मी म्हटलं. "पेला तिला देऊन आले." तो उठून उभा राहिला. कुठं, कधी, कशी. मी सगळं सांगितलं. पाच आठवडे मला माहीत होतं हेही सांगितलं, ती आपल्याच दारात मोळी टाकते हेही. "तुम्ही तिला दोनदा बाजूला सरक म्हणालात." का लपवलं ते त्याने विचारलं नाही. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर चटईकडे नेली. "काय म्हणाली ती?" मी तेही सांगितलं. पेला तिचा होता, नवऱ्याने न विचारता नेला, तिला घरातून काढलं. त्याचं तोंड उतरत गेलं. या क्षणाची मी किती वाट बघितली होती, आणि आता तो आल्यावर मला त्याच्याकडे बघवेना. तो खाली बसला, एकेक चमचा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. चमचे संपल्यावर म्हणाला, "मग उद्या मुंबईला जाऊन तिकिटाचं बघतो. चार दिवस आहेत अजून." मला ठाऊक होतं तो हेच म्हणणार. मी बुरखा काढला आणि त्याच्यासमोर चटईवर बसले.

"तिथं पाणी कसं मिळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"पाणी?" तो म्हणाला. "टँकर येतो. खारट असतं, चहा फाटतो."

"पुरतं?"

"उन्हाळ्यात नाही पुरत." तो शाईची दौत गुंडाळत होता, सांगू की नको असं करत. "मुतखडा झाला होता त्यानेच. गेल्या वर्षी. एकोणीस दिवस दवाखान्यात होतो, बेनगाझीला."

"कळवलं नाहीत?"

"काय कळवायचं. बरा झालो ना."

एकोणीस दिवस. मी त्या दिवसांत काय करत होते ते आठवायचा प्रयत्न केला आणि मला काहीच आठवलं नाही. भात शिजवला असेल, कपडे वाळत घातले असतील, त्याचं पत्र आलं नाही म्हणून मनात त्याला बोल लावले असतील. आणि तो तिथं एका लोखंडी खाटेवर पडलेला, त्याला उठवत नाहीये, तो कुणाकडे तरी हात करतोय. तो हात कुणी धरला, पाठीमागे उशी कुणी सरकवली, ग्लास ओठांशी कुणी नेला. माझ्या पोटात पुन्हा तीच आग उठली, ओळखीची. या वेळी मी ती लपवली नाही.

"तेव्हा तुम्हाला पाणी कोण देत होतं?" मी विचारलं.

हाशिमने दौत खाली ठेवली. पेटी उघडल्या दिवशी चमचा हातात देऊन तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला होता, त्यानंतर आज तो पहिल्यांदा इतका वेळ माझ्याकडे बघत होता.

"जो जागा असेल तो," तो म्हणाला.